मुका मार: पहिल्या दिवशी शेकू नका, चोळू नका

घरात कुणाला मुका मार लागला की गरम पाण्याची पिशवी आणि मलमाची डबी एकदमच बाहेर येते, आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतं, ‘चोळ जरा, साकळलेलं रक्त मोकळं होईल.’ सल्ला मायेचा असतो, पण पहिल्या दिवशी तो उलटाच पडतो. शेकाची वेळ वेगळी आहे. ती का वेगळी, हे एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप लक्षात राहतं.

मार लागतो तेव्हा कातडी शाबूत राहते आणि तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, चिरडून फुटतात. जखम उघडी असती तर रक्त बाहेर वाहिलं असतं. इथे त्याला वाट नाही, म्हणून ते त्वचेखालच्या चरबीत आणि स्नायूंच्या फटींत झिरपत राहतं. रक्तातल्या प्लेटलेट फुटक्या जागी चिकटतात, त्यांच्याभोवती बारीक धाग्यांची जाळी तयार होते आणि गळती काही मिनिटांत मंदावते. पण हे बूच सुरुवातीला फार कच्चं असतं. अशा वेळी शेक दिला की आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्ताचा ओघ वाढतो, आणि जोर लावून चोळलं की बूचच निसटतं. परिणाम एकच: आत आणखी रक्त उतरतं, डाग पसरतो, सूज वाढते, ठणका लांबतो. साकळलेलं रक्त चोळून ‘मोकळं’ होत नसतं. ते उचलायला शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि त्या आपल्या गतीनंच काम करतात.

मांडीच्या बाबतीत हे जास्तच पाळायला हवं. कबड्डीत समोरच्याचा गुडघा लागला किंवा सीझन बॉल येऊन बसला, तर रक्त स्नायूच्या आत खोलवर साकळतं. अशा मांडीला तेल लावून रगडून घेतलं, तर त्या रक्ताच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत चक्क हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. मग गुडघा पूर्ण वाकत नाही. हाडवैद्याकडे नेऊन त्याच दिवशी ‘ओढून-चोळून’ घेण्याची जी घाई होते, तिचा सगळ्यात मोठा धोका हाच.

तर पहिलं काम थंडावा. फ्रीजमधले चार बर्फाचे खडे आणि थोडं पाणी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. पाणी असल्यामुळे पिशवी गुडघ्याच्या, कोपराच्या वळणावर नीट बसते. नुसते खडे टोचतात आणि एकाच जागी लागतात. पिशवीखाली पातळ नॅपकिन हवाच. उघड्या कातडीवर बर्फ धरून ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मूळ मारापेक्षा तीच जास्त दिवस छळते. एका वेळी १० ते १५ मिनिटं पुरे, मग निदान तासभर विश्रांती. पहिले २४ ते ४८ तास असं दिवसातून तीन-चारदा करावं. फ्रीज नसेल किंवा लाइट गेली असेल तर माठातल्या पाण्यात पंचा भिजवून पिळून ठेवा, तो गरम झाला की पुन्हा बुडवा. ज्यांना मधुमेहामुळे पायाला स्पर्श नीट कळत नाही त्यांनी पायावर बर्फ ठेवू नये. जास्त गार झालेलं त्यांना समजतच नाही. तिथे गार पाण्याची घडी बरी.

बर्फाबद्दल थोडं खरं बोलायला हवं, कारण त्याचाही एक अतिरेक आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणं या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली ‘राइस’ हे सूत्र मांडलं आणि ते जगभरच्या प्रथमोपचारात रुजलं. पुढे त्याच मर्किन यांनी आपलं मत बदललं. दुखापतीनंतरची सूज ही दुरुस्तीचाच भाग असते, आणि बर्फाचा मारा फार वेळ केला तर ती दुरुस्ती रेंगाळू शकते, असं त्यांनी स्वतः लिहिलं. म्हणून आज बर्फाकडे बघायचं ते दुखणं कमी करणारा आणि सुरुवातीची गळती आवरायला हातभार लावणारा म्हणून. चार दिवस सतत बर्फ लावल्यानं डाग लवकर जातो, असं समजायचं कारण नाही.

बर्फाच्या शोधात स्वयंपाकघरात धावण्याआधी करायची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. हाताला मार लागला असेल तर अंगठी, बांगड्या, पाटल्या आणि मनगटातले दोरे आधी काढा. पायाच्या बोटाला ठेच लागली असेल तर जोडवी काढा. अर्ध्या तासानं सूज चढली की साबण लावूनही अंगठी सुटत नाही, बोट निळं पडायला लागतं आणि मग ती कापून काढावी लागते.

पायाला लागलं असेल तर आडवं पडून पायाखाली लोड किंवा दोन उशा घ्या, म्हणजे पाय छातीच्या पातळीच्या वर राहील. खुर्चीवर बसून पाय लोंबकळत ठेवला तर सगळी सूज घोट्याशी उतरते. क्रेप बँडेज बांधायचं तर बोटांच्या बाजूनं सुरुवात करून वर जा आणि हलका दाब ठेवा. बांधल्यावर बोटांना मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर वाटली, की लगेच सोडून सैल बांधा. रात्री झोपताना ते काढूनच ठेवावं.

दोन दिवसांनंतर डाव बदलतो. तोपर्यंत गळती पूर्ण थांबलेली असते आणि आता त्या जागी रक्तपुरवठा वाढला तर फायद्याचाच. आता कोमट शेक द्यावा, १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पिशवीतलं पाणी कढत नको, गाल लावून सोसेल इतपतच. सांधा हलका हलका हलवत राहा, कारण अवयव आठवडाभर जखडून ठेवला की माराहून जास्त त्रास आखडलेपणाचा होतो. रग लागेपर्यंत ताणू मात्र नये.

आता आंबेहळद आणि रक्तचंदन. मराठी घरात मुका मार म्हटलं की सहाण निघतेच, आणि तिच्यावर उगाळलेल्या लेपाचं गार बोट कपाळावरून फिरलं की अर्धं रडू थांबतं हेही खरं. हळदीतल्या घटकांचा सूज कमी करणारा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे, पण लेपातून ते कातडीखाली पुरेसं उतरून डाग लवकर घालवतात, असा भक्कम पुरावा नाही. शाबूत कातडीवर लेप लावायला माझी काहीच हरकत नाही, फक्त तीन अटी पाळाव्यात. पहिल्या दिवशी लेप गरम करून लावू नये, गारच लावावा. जिथे खरचटलं आहे तिथे लावू नये. आणि डॉक्टरकडे जायची शक्यता असेल तर आधी अजिबात थापू नये, कारण पिवळ्या-लाल रंगाच्या जाड थराखाली काय चाललंय हे त्यांना दिसतच नाही आणि धुवायला गेलं तर दुखतं. रक्तचंदनाचं झाड मुळात दक्षिणेतल्या पूर्वघाटातलं, आंध्रातल्या शेषाचलमच्या रांगांमधलं, आणि त्याच्या तोडीवर कडक निर्बंध आहेत. तेव्हा बाजारात स्वस्तात मिळणारी लाल भुकटी नेमकी कशाची आहे याची खात्री नसेल तर ती लहान मुलाच्या कातडीवर नकोच. लावल्यावर खाज सुटली तर धुऊन टाकावी. हळद-दूध प्यायला हरकत नाही, मात्र त्यानं डाग जातो असं धरू नये.

बामची गोष्ट वेगळी. त्यात मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांसारखी द्रव्यं असतात. ती कातडीवर गार-गरम अशी झिणझिण निर्माण करतात आणि मेंदूचं लक्ष दुखण्यावरून हटतं. आत साकळलेलं रक्त त्यांनी हटत नाही. शिवाय बाम म्हणजे चोळणं आलंच. पहिले दोन दिवस तो बाजूला ठेवा, आणि नंतर लावलात तरी वर गरम पिशवी ठेवू नका, चटका बसतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू असेल तर मिथाइल सॅलिसिलेटचा भरपूर वापर टाळावा, कारण ते कातडीतून शोषलं जाऊन रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतं.

आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन. ‘लोखंडी दार लागलं, एक इंजेक्शन घेऊन टाक’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की लोक मुक्या मारासाठीही दवाखान्यात रांग लावतात. धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरतात ते फाटलेल्या कातडीतून. कातडी शाबूत असेल तर दार लोखंडी होतं की सागवानी यानं काही फरक पडत नाही. खरचटलं किंवा कापलं असेल तरच त्या इंजेक्शनचा विचार.

दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल घ्यावी. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात एकूण ४ ग्रॅमच्या पुढे कधीच नाही. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती याच हिशेबात धरायची. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा याहून खाली, डॉक्टरांना विचारून. मुलांचा डोस वजनावर ठरतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत त्या टाळलेल्या बऱ्या. मेडिकलवाला ‘दुखण्याची गोळी’ म्हणून बरेचदा त्याच देतो, तेव्हा नाव वाचून घ्या. १६ वर्षांखालच्या मुलांना अॅस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नये. उलट ज्यांना हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे, त्यांनी डाग मोठा पडला म्हणून ती परस्पर बंद करू नये. ती बंद केल्याचा धोका डागापेक्षा कितीतरी मोठा असतो.

डागाचे रंग बदलतात ते पाहून पुष्कळ जण घाबरतात. हिरवा झाला म्हणजे सडला की काय, अशी शंका येते. प्रत्यक्षात तो रंग म्हणजे काम नीट चालल्याची पावती. ताजं रक्त लालसर दिसतं. त्यातला प्राणवायू गेला की काही तासांत ते जांभळं-निळं होतं. मग सफाईच्या पेशी तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन मोडायला घेतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य तयार होतं, त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे, फक्त इथे मूठभर जागेपुरतं. उरलेल्या लोहामुळे शेवटी तपकिरी छटा राहते. साधारण दोन आठवड्यांत सगळं पुसलं जातं. पायावरचा डाग याहून जास्त वेळ घेतो, चेहऱ्यावरचा त्याआधी जातो. पिवळेपणा दिसला असेल तर मार निदान १८ तासांपूर्वीचा आहे, एवढं म्हणता येतं. बाकी रंगावरून ‘हा तीन दिवसांपूर्वीचा, तो पाच’ असं छातीठोक सांगणं डॉक्टरांनाही जमत नाही.

ही रंगांची चित्रं बहुतेक पुस्तकांत गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाल आणि हिरवा टप्पा कित्येकदा दिसतच नाही, जागा नुसती गडद किंवा काळपट होते. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भर द्यावा: जागा गरम लागते का, टणक झाली आहे का, दाबल्यावर कळ येते का, दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेपेक्षा फुगीर आहे का. बाळंतिणीची किंवा आजीची तपासणी करताना उजेडात दोन्ही हात शेजारी धरून पाहा.

डाग खाली सरकतो याचंही कोडं पडतं. भिंतीतला नळ वर फुटतो आणि ओल खाली येते, तसंच इथे होतं. मांडीवर बसलेला मार तीन दिवसांनी गुडघ्याच्या मागे निळा दिसतो. कपाळावर टेंगूळ आलं की दोन दिवसांनी पापण्या काळ्या-निळ्या होऊन सुजतात. टेंगूळ खरोखर कपाळावर होतं आणि माणूस व्यवस्थित आहे, तर हे रक्त नुसतं उतरलेलं असतं. पण टेंगूळ नसताना, डोक्यावर आपटल्यानंतर दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळं पडलं, तर कवटीच्या तळाचं हाड मोडलेलं असू शकतं. तिथे बर्फ नाही, थेट रुग्णालय. १०८ ला फोन करावा.

लहान मुलांच्या टेंगळाचा आकार बघून आईवडिलांचा जीव जातो. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर आणि खाली लगेच हाड, त्यामुळे मिनिटभरात लिंबाएवढं टेंगूळ उभं राहतं. त्याच्या आकारापेक्षा मूल कसं वागतंय ते महत्त्वाचं. आपटल्याबरोबर रडलं, दहा मिनिटांत शांत होऊन खेळायला लागलं, तर गार पट्टी ठेवायची आणि दोन दिवस लक्ष ठेवायचं. टेंगूळ ‘जिरवायला’ तळहातानं किंवा चमच्यानं दाबून रगडायचं नाही. ‘डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका’ हाही एक धाक. झोपेची वेळ झाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर झोपू द्यावं, मधून श्वास आणि रंग पाहावा, हलकं हलवल्यावर नेहमीसारखं कुरकुरून कूस बदलतं का ते बघावं. पुन्हा पुन्हा उलट्या, उठवल्यावर न उठणं, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, काही क्षण शुद्ध हरपणं, वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं एकही दिसलं तर थांबू नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्यावर बाजूला किंवा मागे मऊ, लिबलिबीत सूज असेल तर बाळ हसत असलं तरी दाखवून घ्यावं.

मार दिसतो त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त असेल, तर दुखण्यावर विश्वास ठेवा. पोटरी किंवा हात घट्ट ताणल्यासारखा झालाय, बोटं नुसती सरळ केली तरी कळ उठते, मुंग्या येतायत, अशा वेळी स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढत असतो आणि काही तासांत स्नायू कायमचा जाऊ शकतो. सायकलच्या हँडलचं टोक पोटात लागलेल्या मुलाच्या पोटावर वरून बांगडीएवढाच वण असतो, आत मात्र यकृत, प्लीहा किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. पोट दुखत राहिलं किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी तपासणी हवी. घोट्याला लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल तर तिथलं छोटं हाड मोडलेलं असण्याची शक्यता असते, आणि ते पहिल्या एक्स-रेत चुकतंही. आठवड्यानंतरही दुखलं तर पुन्हा जावं.

दारात चेमटलेल्या बोटाची तऱ्हा निराळी. नखाखाली रक्त साकळतं, वर नख आणि खाली हाड, फुगायला जागाच नाही, त्यामुळे ठणका झोप लागू देत नाही. गार पाण्यात बोट बुडवून हात उंच धरला तर थोडं बरं वाटतं. टाचणी तापवून नखाला भोक पाडायचा घरगुती उपाय कुणी सांगेल. तो घरी करू नये, कारण खाली हाड मोडलेलं असलं तर जंतू थेट तिथपर्यंत जातात. हेच काम डॉक्टर दोन मिनिटांत करतात आणि रक्ताचा थेंब बाहेर आला की तिथल्या तिथे आराम पडतो. नंतर नख गळून पडलं तरी घाबरू नका. हाताच्या बोटाला नवं नख पूर्ण यायला साधारण सहा महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष किंवा त्याहून अधिक.

मार न लागताच डाग पडतायत, हा वेगळाच विषय. स्त्रियांना मांडीवर, दंडावर कुठे लागलं ते न आठवता एखादा निळा ठिपका दिसतो, तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पण अंगभर डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा खूप स्राव, किंवा पायावर लाल टाचणीएवढे ठिपके असतील तर आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, करून प्लेटलेट पाहाव्यात. त्या ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून बघा. दाबूनही ते पुसट होत नसतील तर ते कातडीखालचं रक्त आहे. पावसाळ्यात ताप आणि असे ठिपके एकत्र दिसले की डेंग्यूची शंका घ्यायची आणि आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिनला हात लावायचा नाही. मुलग्याच्या गुडघ्यात, कोपरात किरकोळ कारणानं वारंवार रक्त साकळत असेल तर हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराची, तपासणी करून घ्यावी. आणि जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर डाग दिसला, किंवा मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर डाग असतील, तर ‘पडलं असेल’ म्हणून सोडू नये. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत.

म्हाताऱ्या माणसांच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, गडद जांभळे डाग पडतात. वयानं कातडी पातळ झालेली असते आणि वाहिन्यांना आधार उरत नाही, त्यामुळे पलंगाची कड नुसती लागली तरी पुरते. ते डाग दुखत नाहीत, त्यांना औषध लागत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रोज थोडं तेल किंवा क्रीम पुरे. पण अशी व्यक्ती न्हाणीघरात घसरून डोक्यावर आपटली आणि तिला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर टेंगूळ छोटं असलं तरी त्याच दिवशी दाखवावं. वृद्धांमध्ये मेंदूवर रक्त इतकं हळू साठतं की त्रास दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो: बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा पाय ओढत चालणं, दिवसभर गुंगी. घरचे ते वयावर ढकलतात आणि पडल्याचं तोवर विसरलेलं असतं. म्हणून आजी-आजोबा पडले की कॅलेंडरवर त्या तारखेशी तेवढं लिहून ठेवा, आणि पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर सगळ्यात आधी ती तारीख सांगा.